चोवीसपैकी वीस

"आजी बोठी, आजी बोठी, फलाट क्रबाक तीद!"

खिडकीबाहेरून आवाज आला आणि वासुदेवच्या हातातला माईक हातातच राहिला. वर्ध्याच्या बसस्थानकावर घोषणा करायच्या त्या कोंदट खोलीत तो अठरा वर्षं बसत आला होता. प्रवाशांच्या शिव्या, ड्रायव्हरांची भांडणं, लाईट गेल्यावरचा गोंधळ, कशाचंच त्याला आता फारसं काही वाटत नसे. पण ही दोन वेण्यांची, सातवी-आठवीतली पोरगी नाक चिमटीत धरून मैत्रिणींसमोर उभी होती आणि हुबेहूब त्याचा आवाज काढत होती. मैत्रिणी हसून लोटपोट. त्यानं गावाचं नाव पुकारलं होतं, आंजी मोठी, फलाट क्रमांक तीन. निदान त्याला तरी तसंच वाटलं होतं. पुढची गाडी समुद्रपूरची. त्यानं माईकजवळ तोंड नेलं, एकेक अक्षर जपून उच्चारलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा आवाज लाऊडस्पीकरमधून परत येताना कान देऊन ऐकला. सबुद्रपूर. बाहेर पोरी पुन्हा खिदळल्या. त्याला राग यायला हवा होता, पण राग आला नाही. जिना संपला असं वाटत असताना एक पायरी उरलेली असावी आणि पाय पोकळीत पडावा, तसं झालं फक्त.

दुपारच्या पाळीला नत्थूजी आले. त्याच्याच हुद्द्यावरचे, वयानं चार वर्षांनी मोठे, तोंडानं फटकळ. खुर्ची त्यांच्या हवाली करताना वासुदेवनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नत्थूजी, माहा आवाज बदलला का हो?"

"आता इचारून राह्यले तुमी?" नत्थूजी डबा ठेवता ठेवता म्हणाले. "वर्ष होत आलं त्याले. आमी म्हणलं, वासुदेवरावची इष्टाईल असन. आन् आवाजाचं काय घेऊन बसले? नाव वासुदेव आन् वासाचा पत्ता नाई! त्या दिवशी कॅन्टीनमंदी दूध करपलं, सारा स्टँड नाकाले रुमाल लावून होता, आन् तुमी बाजूले बसून पेपर वाचून राह्यले होते."

"वर्ष?" वासुदेवनं विचारलं.

"मंग काय तं! उन्हाळ्यापासून तं पक्कंच."

उन्हाळ्यापासून. वासुदेव सायकलस्टँडपर्यंत चालत गेला, गाडीची किल्ली काढली आणि किल्ली हातात धरून तिथंच उभा राहिला. नत्थूजीचं बोलणं म्हणजे वाऱ्यावरची वरात, ते कोणी मनावर घेत नसे. पण उन्हाळ्यापासून जर नाक बंद असेल, तर ते ऑगस्टातही बंद होतं. राखीच्या दिवशीही बंदच होतं. म्हणजे मग त्यानं काही केलं नव्हतं. म्हणजे बहीण, छाया, म्हणाली ते खरं नव्हतं. हे इतकं सोपं गणित पाच महिन्यांत त्याला सुचलं नव्हतं. कसं सुचणार? माय गेल्यावर जेवणाला चव नव्हती, दिवसांना रंग नव्हता, मग वास कशाला असेल, असंच तो धरून चालला होता. दुःखानं गेला असेल वास. पण आधीच गेला असेल तर?

राखीचा दिवस त्याला हवा तेव्हा आठवत नसे आणि नको तेव्हा आठवे. त्याची बायको माधवी तेव्हा पुण्याला होती, मेघाच्या, त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाला. जुलै लागताच गेली होती. घरात दोघंच, तो आणि माय. आनंदाबाई, त्याची माय, सिंदी रेल्वेचं घर-शेत धाकट्या दिराच्या हवाली करून चार वर्षांपासून वर्ध्यात त्याच्याकडे राहत होती. साखरेचा आजार जुना. तरी स्वतःचं स्वतः करायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी छाया सकाळच्या समुद्रपूरच्या गाडीनं आली. त्याची धाकटी बहीण, तिथल्या शाळेत मास्तरीण. पर्समध्ये राखी, हातात पेढ्याचा डबा. दारात चपला काढल्या, उंबरठ्यावर पाय ठेवला आणि तिथंच थबकली. पदर नाकाला. "दादा, हे काय सडून राह्यलं घरात?" तो म्हणाला, "काय?" ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग त्याला बाजूला सारून सरळ मायच्या खोलीत गेली आणि मायच्या पायावरची वाकळ ओढली. पायात लोकरीचा मोजा होता, भर पावसाळ्यात. मोजा काढला तेव्हा छाया किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. चपलेनं अंगठा घासला होता म्हणे, महिन्यापूर्वी. मायनं लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सिंदीतल्या तिच्या मैतरणीचा, जयवंताचा, पाय असाच कापला होता आणि जयवंता पुढं दोन वर्षं खाटेवर रडत मेली होती. मायचाही पाय कापला, गुडघ्याच्या वर. पण विष रक्तात उतरलं होतं. अकराव्या दिवशी ती गेली.

मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, शंभर माणसांसमोर, छायानं विचारलं होतं. "तुह्या नाकाले वास नाई आला? मायचा पाय सडून राह्यला होता दादा, पाय! एका घरात राहून तुले वास नाई आला, का तुले घ्यायचाच नव्हता?" काय बोलणार? आला नाही म्हणावं तर कोण विश्वास ठेवील? त्याचा स्वतःचाच बसत नव्हता. तेरवी झाल्यावर छाया गेली ती गेलीच. दिवाळीला आली नाही, फोन उचलत नाही. तिची राखी त्या दिवशी पर्समधून बाहेर निघालीच नव्हती. आणि मायची लोखंडी पेटी खाटेखाली कुलूप लावून तशीच पडली होती, कारण त्यांच्यात रीत अशी की आईची पेटी लेकीच्या हातानं उघडायची, सुनेनं नाही, लेकानं तर नाहीच. लोक वासुदेवला नाकासमोर चालणारा माणूस म्हणायचे. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आता हे शब्द कोणी सहज वापरले तरी त्याला वाटे, हा मुद्दाम बोलला.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेला. आकांक्षा मॅडम, तिशीच्या असतील, बोलायला मऊ. त्यांनी नाकात दुर्बिणीची नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर त्याला त्याचंच नाक दाखवलं. गुलाबी भिंती, आणि वाट अडवून बसलेल्या फिकट, ओल्या, लोंबत्या गाठी. "सोललेली द्राक्षं दिसतात ना, तसं," मॅडम म्हणाल्या. "यांना पॉलिप म्हणतात, काका. किती दिवसांपासून नाक बंद आहे?" तेच तर विचारायला तो आला होता. मॅडमनी सीटी स्कॅन आणि रक्त लिहून दिलं. सीटीच्या यंत्रात डोकं घालून पडलेला असताना त्याच्या मनात भलतंच येत होतं. हे यंत्र माझ्या कपाळामागं बघतंय, गालामागं बघतंय, डोळ्यांच्या मधोमध बघतंय. तिथं जे काही मी लपवून ठेवलं असेल ते आता निघेल. श्वास रोखा, म्हणाला आतून कोणीतरी. त्यानं तोंड मिटलं. नाकानं घ्यायला श्वास नव्हताच.

फिल्म उजेडावर लावली तेव्हा त्याची आधी उलटीच समजूत झाली. काळं दिसलं ते वाईट, असं त्याला वाटलं, आणि काळं फारसं नव्हतंच, सगळीकडे राखाडी. त्याचा जीव भांड्यात पडला. मॅडम म्हणाल्या, "नाही काका, काळं तेच चांगलं. काळं म्हणजे हवा, मोकळी जागा. हाड पांढरं. आणि हे राखाडी म्हणजे भरलेलं." नाकाच्या भोवती कवटीत पोकळ्या असतात, दोन्ही बाजूंना सारख्या, प्रत्येकीला गुण द्यायचे. मोकळी तर शून्य, अर्धी भरली तर एक, पुरती भरली तर दोन. सगळे मिळून चोवीस. "तुमचे वीस आले." घरी जाऊन त्यानं माधवीला तेवढंच सांगितलं, चोवीसपैकी वीस. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "मंग चांगले हायेत की! मी तं घाबरूनच गेलती." तो हसला. किती दिवसांनी हसला. मग तिला समजावून सांगितलं की हे गुण नाहीत, हे आपल्या डोक्यात किती कोंबलंय त्याचं माप आहे, आणि ते सांगता सांगता त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं. माधवीचे हात पिठातच थांबले. "एवढं बंद होतं आन् तुमी बोलले नाई?" "मलेच कुठी ठाऊक होतं?" तो म्हणाला. 'म' त्याच्या तोंडातून 'ब' होऊन आला, आणि आता तो त्याला ऐकू आला. बलेच. कायम 'ब'च येत असणार.

रक्ताच्या कागदावर आकडे होते. पांढऱ्या पेशींमध्ये एक जात असते, इओसिनोफिल. ती शंभरात चार-पाच असावी, त्याच्या रक्तात चौदा निघाली. मॅडम सांगत होत्या, या पेशी खरं तर राखणदार, पण कधी कधी शत्रू नसतानाच गोळा होतात आणि घरच्याच भिंतींवर तुटून पडतात. मग आतलं अस्तर सुजतं, लोंबतं, गाठी होतात. ॲलर्जीचा आणखी एक आकडाही वर होता. वासुदेव आकडे ऐकत होता आणि त्याला मायचे कागद आठवत होते, जेवणाआधी, जेवणानंतर, तीन महिन्यांची साखर, तोही असाच मान डोलावून ऐकायचा आणि घरी येऊन कागद फ्रीजवर ठेवायचा. त्यानं घसा साफ केला. "मॅडम, हे कदीपासूनचं हाय ते कागदावर कळते का?"

"नेमकं नाही कळत. का?"

"म्हणजे ऑगस्टमंदी मले वास येत होता का नाई, हे सांगता येईन का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट पाहिलं. आजवर कोणी पेशंट आपलं दुखणं जुनं निघावं म्हणून आस लावून बसलेला त्यांनी पाहिला नसावा. "आधीचा एखादा स्कॅन आहे का?" त्यांनी विचारलं, आणि त्याला लख्ख आठवलं. जूनमध्ये सिंदीच्या फाटकाजवळ तो गाडीवरून पडला होता, डोक्याला मार म्हणून सीटी काढला होता, रक्तही तपासलं होतं. काही निघालं नाही म्हणून कोणी ते पाकीट परत उघडलं नव्हतं. पाकीट कपाटामागं पडलं होतं. पावसाळ्यात एकदा मेलेला उंदीर शोधायला त्यानं कपाट ओढलं तेव्हा उंदीर काही सापडला नाही, धुळीनं माखलेलं ते पाकीट तेवढं सापडलं, आणि ते त्यानं माळ्यावर फेकलं होतं. तो तसाच घरी गेला, स्टुलावर चढला, पाकीट काढून तासाभरात परत आला. धाप लागली होती, तोंडानं श्वास घेऊन घेऊन जिभेला कोरड पडली होती.

मॅडमनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. "हा डोक्याचा आहे, त्यामुळे खालच्या पोकळ्या पुऱ्या आलेल्या नाहीत. पण वरचं बघा. हे इथं, डोळ्यांच्या मध्ये, तेव्हाही राखाडीच आहे. आताइतकं नाही, पण बरंच." जुन्या रक्ताच्या कागदावरही अकरा होते, म्हणजे तेव्हाही दुपटीच्या वर. "म्हणजे जूनमध्येही तुम्हाला वास जवळजवळ येत नसावा." वासुदेवनं खुर्चीची कड घट्ट धरली. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते खोकल्याच्या रूपानं. जून. माय ऑगस्टात गेली. पाय जुलैत चिघळला. जून त्याच्या आधी. "लिहून द्याल का मॅडम?" त्यानं विचारलं. मॅडमनी लिहून दिलं, त्यात 'जवळजवळ' होतं, 'असावा' होतं. ऑपरेशन ठरलं, संक्रांतीनंतरच्या आठवड्यातलं. त्याआधी घ्यायच्या गोळ्या दिल्या. "या स्टिरॉइडच्या आहेत. यांनी गाठी आकसतात. चार-पाच दिवसांत कदाचित वास येईलसुद्धा, पण भुलू नका, गोळ्या बंद झाल्या की परत जातो. याआधी कधी घेतल्यात?" "नाई," तो म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्यानं कागदाचा फोटो छायाला पाठवला, दोन्ही फिल्मचे फोटो पाठवले, आणि खाली लिहिलं, 'डॉक्टरनं सांगितलं, मले जूनपासून वास येत नव्हता.' जवळजवळ हा शब्द त्यानं लिहिला नाही. कागदावर होताच, वाचील ती. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. रात्रीचं जेवण झालं तरी नाही. त्यानं पहिली गोळी जिभेवर ठेवली, बारीक, पांढरी, आणि पाणी पिण्याआधीच ती विरघळून अशी कडू जहर झाली की त्याच्या अंगावर शहारा आला. ही चव कुठंतरी ओळखीची होती. वास गेला तरी जिभेला कडू कळतं, ते बरंच झालं म्हणायचं. कुठं चाखली होती? त्यानं थोडा वेळ आठवून पाहिलं. मग फोन वाजला, आणि तो आठवायचं सोडून फोनकडे धावला. छायाच होती. म्हणाली, "दादा, मी शाळेत पोराईले चोवीसपैकी वीस देतो तं त्याईचे बाप पेढे आणते. तुह्ये वीस पाहून मले रडू आलं." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी तुले काय काय बोलली रे. सगळ्याईच्या समोर बोलली." "जाऊ दे," तो म्हणाला. "संक्रांतीले येतो मी," ती म्हणाली. "मायची पेटीबी उघडू."

त्या रात्री त्याला छान झोप लागली, आणि पहाटे स्वप्नात माय आली ती हसतच. मायला त्याच्या नाकाची भारी गंमत वाटायची. तो ड्युटीवरून आला, चप्पल काढता काढता "माय" म्हणाला की ती खाटेवरून ओरडायची, "बाय नाई रे, माय! माय म्हणत जाय! लग्न झालेला बाप्या आन् मले बाय म्हणते!" आणि स्वतःच्याच विनोदावर दात नसलेलं तोंड उघडून हसायची. हेही एक प्रमाण होतं की. माय जिवंत असताना त्याचं नाक बंद होतं, मायनंच सांगितलं होतं, रोज सांगत होती. हे छायाला सांगायला हवं. जागा झाल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या तो ते कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिला, आणि कधी नव्हे ते त्याला वाटलं, मायनं हे जाणूनच सगळं केलं असेल. याला वास येत नाही, याच्यापाशी आपलं झाकून राहील. माधवी पुण्याला, छायाला फोनवर सांगितलं, 'पाण्यापावसाची येऊ नको, राखीलेच येजो.' राहिला हा, बंद नाकाचा. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, सुटलेल्या बैलासारखी ती एकदा निघाली की थांबायची नाही, लपवायचं म्हणजे लपवायचं. दर दोन दिवसांनी म्हणायची, "उदबत्तीचा पुडा आणजो." तो आणायचा. म्हातारपणी देवाचं वेड लागलं, त्याला वाटायचं. शेजारपाजारच्यांसाठी लागत होत्या त्या, हे त्याला आता कळत होतं. त्याच्यासाठी त्यांची गरज नव्हती.

संक्रांतीच्या सकाळी तो दात घासून स्वयंपाकघराच्या दारात आला आणि थांबला. काहीतरी आलं. कपाळाच्या मधोमध, आत, कोणी दार किलकिलं करावं तसं. त्यानं डोळे मिटले. खमंग, तेलकट, गरम. "माधवी," तो म्हणाला, "तीळ भाजून राह्यली का?"

माधवीच्या हातातला झारा कढईत राहिला. ती वळली. "काय म्हणले?"

"तीळ. तीळ भाजून राह्यली ना तू?"

"अहो, पह्यलं काय म्हणले?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माधवी म्हणले तुमी. वर्ष झालं, बाधवी बाधवी ऐकून राह्यली मी." मग तो लहान पोरासारखा घरभर फिरला. साबण हुंगला, चहाचा डबा हुंगला, स्वतःचा शर्ट हुंगला आणि नाक मुरडलं, केरोसीनच्या बाटलीचं बूच काढलं, कोथिंबिरीच्या जुडीत तोंड खुपसलं. माधवी मागं मागं फिरत हसत होती आणि डोळे पुसत होती. नऊच्या सुमाराला छाया आली. उंबरठ्यावर ती त्या दिवसासारखीच थबकली, आणि दोघांनाही ते कळलं, आणि मग ती आत आली. पर्स उघडली, तीच ऑगस्टातली राखी काढली, गोंडा चेपून चपटा झालेला, आणि त्याच्या मनगटावर बांधली. "संक्रांतीले राखी बांधणारी मीच एकटी असन सगळ्या जिल्ह्यात," ती म्हणाली. तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोल, असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही. पण त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, खरोखरच उतरलं होतं. पाच महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. सुटलो बाबा, तो मनात म्हणाला.

मग तिघं मायच्या खोलीत गेले. पेटी खाटेखालून ओढली. किल्ली देवघरात होती. छाया जमिनीवर मांडी घालून बसली, कुलूप काढलं आणि झाकण उचललं. वर उदबत्त्यांचे पुडे, तीन न उघडलेले, एक अर्धा. खाली लुगडी, घड्या घातलेली, हिरवं, जांभळं, आणि एक छायाच्या लग्नातलं. लुगडी काढली आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, बोचकं निघालं. छायानं ते सोडलं. चिंध्या होत्या. लुगड्याच्या फाडलेल्या पट्ट्या, बहुधा रात्री-बेरात्री नळाखाली विसळलेल्या, नीट न वाळलेल्या, करड्या-तपकिरी डागांच्या, आणि माय ती माय, चिंध्यांच्याही तिनं घड्या घातल्या होत्या. छायानं पदर नाकाला लावला. माधवी तोंड फिरवून दारापर्यंत गेली. "तोच," छाया पदरातून म्हणाली. "तोच वास, दादा. तुले येऊन राह्यला आता?"

त्याला येत होता. उदबत्तीच्या खालून वर येत होता, गोडसर, जड, घशाला चिकटणारा. त्याच्यासाठी हा वास नवा असायला हवा होता. डॉक्टरच्या कागदाप्रमाणे, दोन फिल्मप्रमाणे, चौदा आणि अकरा आकड्यांप्रमाणे, हा वास त्यानं जन्मात घेतलेला नव्हता. पण मनाआधी त्याच्या नाकानं तो वास ओळखला. जुलैचा शेवट. पावसाची झड लागली होती. त्याची छाती वाजत होती म्हणून गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं पाच दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या होत्या, बारीक पांढऱ्या गोळ्या, कडू जहर. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो ड्युटीवरून आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "माय, वास कायचा येऊन राह्यला?" मायनं त्याला हटकलं नाही. बाय नाई रे माय, असं म्हणाली नाही. नुसती पाहत राहिली त्याच्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. "नाक सुटलं वाटते तुहं आज," ती म्हणाली. मग पाय वाकळीखाली ओढून घेतला. ते त्यानं पाहिलं होतं. तो पाय आत जाताना त्यानं पाहिला होता, आणि मायनं कपाटाकडे बोट केलं होतं. "उंदीर मेला असन मागं. पाह्य बरं." आणि तो गेला. त्यानं ते जड कपाट एकट्यानं ओढलं, टॉर्च मारली, झाडू घातला, पाकीट काढलं, उंदीर सापडला नाही आणि त्यानं कपाट पुन्हा जागेवर लोटलं. वास कपाटाकडून येत नव्हता. तो कुठून येतोय हे नाक असलेल्या कोणालाही कळलं असतं, आणि त्या संध्याकाळी त्याला नाक होतं. त्यानं कपाट ओढून पाहिलं, वाकळ ओढून पाहिली नाही. कारण वाकळ ओढली तर दवाखाना, रजा, डबा, माधवीला फोन, छायाला फोन, आणि तो दमला होता. दोन दिवसांनी गोळ्या संपल्या आणि वास गेला. "उंदीर वाळला असन," माय म्हणाली होती. त्यानंही मान हलवली होती, आणि दुसऱ्या दिवशी उदबत्तीचा पुडा आणून दिला होता.

"दादा?" छायानं विचारलं. "काऊन असा करून राह्यला? बांध बरं ते. जाळून टाकू. आता काय करायचं ठेवून?" तिचा आवाज मऊ होता, लहानपणासारखा. गप्प बसला असता तर ते बोचकं परसात जळून गेलं असतं, आठवड्यानं ऑपरेशन झालं असतं, आणि चोवीसपैकी वीस हा आकडा त्याला आयुष्यभर पुरला असता.

"उंदीर नव्हता तो," वासुदेव म्हणाला. 'न'चा 'न', 'म'चा 'म', सगळी अक्षरं त्याला पुन्हा म्हणता येत होती.

छायानं पदर नाकावरून खाली घेतला. "कोणता उंदीर, दादा?"

त्यानं मनगटावरच्या राखीची गाठ सोडली, ती राखी तिच्या हातात परत दिली, आणि मग सांगायला सुरुवात केली.